ट्यूबच्या पट्ट्यावरची तीन गाणी

मी एक जुना फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर आहे. त्या दिवसाची मोजदाद मला अजून पाठ आहे. इचलकरंजीतली एक शेड, सुट्टीमुळे बंद असलेले चोवीस माग, भिंतीला छातीपर्यंत रचलेले कापडाचे तागे, चार माइक, तीन माणसं, तीन गाणी शिल्लक आणि हातात आठ तास. माझ्या पोटात रबरी पट्टा एकच होता. तो अकरा वाजून दहा मिनिटांनी तुटला.

मित्रांनो, हा पट्टा म्हणजे बांगडीएवढं रबराचं कडं. मोटारीची फिरकी तो माझ्या चाकाला देतो आणि चाक कॅसेटची फीत ओढतं, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. हा वेग बदलला, तर गाणाऱ्याचा आवाजच बदलतो.

माझा जन्म जपानातला. तिथून मुंबईमार्गे मी कागलला केरबामामांकडे आलो. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. अकरा वर्षं त्यांनी मला रोज फडक्यानं पुसलं. "ह्यो बोलतो ते खरं," असं ते पार्टीतल्या लोकांना सांगत. पुढे रेकॉर्डिंग मोबाइलवर होऊ लागलं आणि मी माळ्यावर गेलो. तिथली वर्षं मी मोजली नाहीत. वापर नसला, तरी रबर म्हातारं होतच असतं.

मामांच्या भाच्यानं, प्रसेनजीतनं, मला खाली काढलं. तो गिटार वाजवतो. ज्ञानू ड्रम वाजवतो. एरवी तो याच शेडमध्ये जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतो. शिवानी गाते. त्यांच्या बँडचं नाव 'पावणं'. गाणी हळुवार, रॉकच्या चालीची, भाषा घरातली. पहिल्या अल्बमचं नाव 'कडेचं ऊन' ठरलं होतं. माझ्यावरचा आवाज मऊ येतो, म्हणून त्यांनी मला निवडलं. आठवड्यातून एकदा माग बंद असत, तेव्हाच रेकॉर्डिंग होई. नऊपैकी सहा गाणी अशीच झाली होती.

सुट्टीचा पुढचा दिवस मात्र त्यांच्याजवळ नव्हता. शिवानीच्या गळ्यात गाठ निघाली होती आणि दोन दिवसांनी कोल्हापुरात शस्त्रक्रिया होती. आवाजाची नस गाठीला चिकटून जाते, वरचे सूर राहतील असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. उरलेल्या तीन गाण्यांत ती सगळ्यात वर जात होती.

मला उघडून तिघं माझ्या पोटात बघत राहिले.

"नवा पट्टा?" शिवानीनं विचारलं.

"मागवला तर आठ दिवस," प्रसेनजीत म्हणाला.

ज्ञानू बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या हातात सायकलची पंक्चर ट्यूब आणि कात्री होती. त्यानं ट्यूब आडवी कापून कड्यासारखी बारीक चकती काढली. मित्रांनो, आमच्या भागात सायकलच्या ट्यूबवर काय काय चालतं, याची यादी संपायची नाही. पंप चालतो, मिक्सर चालतो, मागाचा एखादा भागही चार दिवस निघतो.

"ज्ञानबा, ह्यो माग न्हाय," प्रसेनजीत म्हणाला.

"मागापेक्षा नाजूक हाय, तेवढंच. गप बस की जरा."

चकती बसली. मी फिरू लागलो. शिवानीनं दोन ओळी गायल्या, त्यांनी त्या माझ्यावरच वाजवून ऐकल्या. आवाज जसाच्या तसा आला.

"चालतंय की," ज्ञानू म्हणाला.

मला कळत होतं. चकती जाड होती, चाकावरून घसरत होती, आणि तापेल तशी जास्तच घसरत होती. मी हळू धावत होतो. पण रेकॉर्ड करताना जेवढा हळू, तेवढाच वाजवताना. माझी चूक माझ्याकडूनच तपासली, तर ती सापडणार कशी? आणि मला सांगता येत नव्हतं.

पहिल्या गाण्याला दीड वाजला, दुसऱ्याला साडेचार. तिसऱ्यात शिवानीला दोनदा ठसका लागला. साडेसहाला शेडचे मालक भाऊसो दारात येऊन उभे राहिले.

"पोरांनो, सातला माग चालू. सातला म्हंजे सातला."

"दादा, एकच राहिलंय," ज्ञानू म्हणाला.

"मग बोलत काय बसलाय? वाजवा की."

शिवानीनं एक घोट कोमट पाणी घेतलं आणि डोळे मिटले. सहा एकावन्नला गाणं संपलं. सातला चोवीस माग एकदम सुरू झाले, तेव्हा ज्ञानू माझ्या वायरी गुंडाळत होता.

शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. महिन्याभरानं शिवानी कागलला प्रसेनजीतकडे आली तेव्हा तिचा आवाज जाडसर झाला होता. वरच्या पट्टीत नुसती हवा येत होती. उशिरा मागवलेला माझा नवा पट्टाही त्याच आठवड्यात आला होता. प्रसेनजीतनं तो बसवला आणि सगळी गाणी ओळीनं लावली. पहिली सहा उत्तम वाजली. सातवं सुरू झालं आणि कोणीच कोणाकडे बघेना. हळू भरलेली फीत आता पूर्ण वेगानं पळत होती.

"ही मी न्हाय," शिवानी म्हणाली. "ही तिसरीतली पोरगी हाय."

ज्ञानू खाली बघत म्हणाला, "ट्यूब माझी. चूक माझी."

"वेग कमी करून बघू," प्रसेनजीत म्हणाला. त्यानं मला कॉम्प्युटरला जोडून गाणं हळू केलं. सुरुवात जमली, तर शेवट चढा राहिला. शेवट जमवला, तर सुरुवात खाली बसली.

"सहाच ठेवा," शिवानी म्हणाली. "न्हायतर दुसरीकडनं गाऊन घ्या तीन. मी काय रडत न्हाय."

तिची बॅग खांद्यावर होती. तेवढ्यात प्रसेनजीतची थोरली बहीण वर्षाराणी खोलीत आली. ती कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. तिनं हेडफोन लावला आणि गाण्याऐवजी गाण्याच्या खालचं काहीतरी ऐकत राहिली.

"ही घरघर कसली?"

"अँप्लिफायरची. शेडमधल्या विजेची," प्रसेनजीत म्हणाला. "ती काढून टाकणार हाय, अक्का."

"हात लावू नको. शिवानी, बस गं जरा."

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यात फरक अगदी थोडा. गाणं सुरू असेपर्यंत ती घरघरही फितीवर उतरत होती. आता ती पन्नासच्या जेवढी वर दिसेल, तेवढी त्या क्षणाची माझी चूक. वर्षाराणीनं पडद्यावर बघितलं. शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला ५१.६, मध्ये ५२.७, शेवटी ५३.४. मग ती घरघर सगळीकडे पन्नासवर येईल असा गाण्याचा वेग तिनं सेकंदासेकंदानं वळवला. तीन गाण्यांना दोन दिवस लागले. शिवानी दोन्ही दिवस येऊन बसली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला माळ्यावर टाकू नका. महिन्यातून एकदा तरी चालवा, पट्टा ताणून बघा. आणि दुरुस्त केलेलं यंत्र त्याच यंत्राला विचारून तपासू नका. बाहेरचं काहीतरी आणा, ज्याला त्याची भीड नाही.

म्हणून वर्षाराणीनं शेवटी घरघरीवरही भरवसा ठेवला नाही. रेकॉर्डिंगच्या आधी प्रसेनजीतनं गिटार ट्यूनरवर जुळवली होती. तिची पाचवी तार मोकळी वाजली की ११० हर्ट्झ यायला हवेत. शेवटच्या गाण्यात ती तीनदा मोकळी वाजते. दुरुस्तीआधी तिची मापं होती ११३.५, ११५.९ आणि ११७.५. शिवानीनं स्वतः कागद पुढे ओढला आणि वर्षाराणी वाचेल तसे नवे आकडे लिहिले.

सुरुवातीला ११०.१. मध्ये ११०.०. शेवटी ११०.१ हर्ट्झ.