रायगडावरचा सोळावा सोमवार

येसाजीने काठीच्या टोकाने पहिल्या चौथऱ्याला टोचा दिला आणि मोजायला सुरुवात केली. हा एक महाल, हा दुसरा, हा तिसरा. गवतातून वाट काढत तो पुढे जाई, काठी आपटी आणि मागे वळून पाहुण्यांकडे बघे. राण्यांचे महाल एका रांगेत, प्रत्येकाला वेगळं दार, वेगळी मोरी. गड दाखवायला लागून त्याला वीस वर्षं झाली होती. मुंबईची, पुण्याची माणसं इथे थांबून मोऱ्यांची बांधणी वाखाणत.

बोर्ली पंचतनचे धर्माजी मोऱ्या बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

"बघ," ते म्हणाले, "एवढ्या जणी, पण एका जागी नांदल्या. कुणाचं काय अडलं?"

नीराबाईने पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

आज सोमवार. सोळा सोमवारांतला शेवटचा. उजाडल्यापासून दिवेलागणीला नैवेद्य दाखवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा नेम. व्रताच्या पोथीत तो नव्हता. देवाला थोडं जास्तच द्यावं म्हणून तिने तो आपणहून जोडला होता. पंधरा सोमवार तो बिनचूक पाळला होता. एकदा गाय दाव्यात अडकून हंबरत होती, तेव्हाही हाक न मारता ती शेजारणीच्या दारात हातवारे करत धावली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मागणं तेवढं एकच होतं.

म्हणून गेल्या पंधरवड्यात धर्माजी जेव्हा म्हणाले, की सोळावा सोमवार रायगडावर जगदीश्वराच्या पायाशी करू, राजधानीही बघून होईल, तेव्हा तिला रडू आलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी तिला म्हसळ्याच्या बाजारापलीकडे नेलं नव्हतं. मोटारीने महाड, तिथून बैलगाडीने पाचाड; वाटभर ती देवाचं नाव घेत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला दुवा देत होती.

सगळं कळलं ते आज सकाळी, आंघोळ करून मौन धरल्यावर. उतरले होते ते गड दाखवणाऱ्या या येसाजीच्याच घरी. त्याच्या बायकोने थोरल्या मुलीला, राहीला, नवं लुगडं नेसवून पुढे आणलं आणि नीराबाईच्या पाया पडायला लावलं. म्हणाली, ही तुझी थोरली बहीण बरं का, आता हिच्या हाताखाली राहायचं. आशीर्वादाला उचललेला नीराबाईचा हात तसाच राहिला.

येसाजीचं म्हणणं सरळ होतं. मुलगी चौदाची पुरी झाली होती, सरकारच्या नव्या कायद्याचीही अडचण उरली नव्हती. पण सवतीवर द्यायची तर त्यांच्या भावकीत एक रीत होती. नवऱ्याच्या शब्दावर कुणी मुलगी देत नसे; थोरलीने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायला हवं. ते ऐकून धर्माजींनी सुपारी कातरायची थांबवली. आज हिचं मौन, ते म्हणाले, पण हा विचार मूळचा हिचाच. मन मोठं हाय तिचं. जगदीश्वराच्या उंबऱ्यावर ती आपल्या हाताने राहीला कुंकू लावील, ते बोलण्याहून मोठं. येसाजीला ते पटलं. देवाच्या दारात लावलेलं कुंकू कुणी खोटं म्हणेल का?

सोळावा सोमवार नेमका कोणत्या तारखेला येतो, हे नवऱ्याने आपल्याला तीनदा का विचारलं होतं, ते नीराबाईला तेव्हा उमगलं.

गड अनवाणी चढायचा असं तिने ठरवलं होतं. दाराशी डोली बघून तिने हाताने नको नको केलं, पण धर्माजी म्हणाले, बस गं, दमशील. मुक्या माणसाला बसवायला कितीसा वेळ लागतो. पुढच्या भोयाने खांदा दिला आणि हसून म्हणाला, "आक्का तर फुलावानी. गेल्या म्हयन्यात मुंबैचा एक शेठ व्हता, उतरंस्तवर माझी उंची बोटभर कमी झाली." सगळे हसले. राहीसुद्धा हसली. ती डोलीच्या मागून ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन चालत होती. वर आलेल्या माणसांना ताक विकायचं हे तिचं रोजचंच काम.

शेवटच्या महालाशी येसाजी थांबला. त्याने मुंडाशाने घाम पुसला.

"आमची राही तुमच्या घरात दुसरी," तो धर्माजींना म्हणाला. "दुसरी म्हंजे धाकटी. लाडाचीच असणार म्हना."

धर्माजींनी मान डोलावली आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिले.

नीराबाईने मात्र त्यांच्याकडे पाहिलं. दुसरी, असं येसाजी म्हणाला होता, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं होतं. दुसरी तर ती स्वतः होती. सतराव्या वर्षी ती बोर्लीच्या त्या घरात आली तेव्हा दारात उभं राहून तिच्या कपाळाला कुंकू लावणारी बाई जनी होती, धर्माजींची पहिली. जनी तेव्हा सात वर्षं नांदलेली, कूस रिकामी. पुढे चार वर्षं ती भाताच्या कणग्यांमागच्या खोपीत निजली, आणि एक दिवस माहेरी म्हणून गेली ती परत आली नाही. वारल्याचा निरोप आला तेव्हा धर्माजी लावणीच्या गडबडीत होते.

सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी येसाजीने वहाणा काढल्या आणि सगळ्यांना काढायला लावल्या. नगारखान्याखाली उभं राहून त्याने गड किती बारकाईने बांधला ते सांगितलं. बाजारपेठेत तो रंगात आला. दुकानांची जोती एवढी उंच का, तर म्हणे घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी. "माझी बायकू असती तर घोडाच इकून आली असती," तो म्हणाला, आणि धर्माजी मनापासून हसले. असं हसताना नीराबाईने त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

टकमक टोकाकडे जाणारी वाट अरुंद, म्हणून डोली ठेवावी लागली. गुन्हेगारांचा कडेलोट कुठून होई ते येसाजी धर्माजींना दाखवत होता. नीराबाई जरा जास्तच पुढे गेली असावी, कारण मागून कुणी तरी तिचा पदर धरला.

"मागं या, आक्का," राही म्हणाली. "हितं वारा वडतो."

तिने पदर सोडला नाही. दोघी एका खडकाला टेकून बसल्या. मुलीने मडक्यातलं ताक पुढे केलं, मग उपास आठवून जीभ चावली. जरा वेळाने तिनेच विचारलं, तुमच्या घरातनं समुद्र दिसतो काय? नीराबाईने मान हलवली. घरातून नव्हे, पण टेकडीवर चढलं की दिसतो, हे तिला हाताने सांगता येईना.

"मी अजून बगितला न्हाय," राही म्हणाली. "आबा म्हनतात, उन्ह चांगलं असलं की हितनंबी दिसतो. मला तर कदी दिसला न्हाय." मग आवाज उतरवून, बोटाला पदराचं टोक गुंडाळत, "आक्का, मी तुमचं समदं ऐकीन."

नीराबाईने मान खाली घातली. नव्या नवलाईत, चुलीपुढे बसलेल्या जनीला ती स्वतः हेच म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. जनीने भाकरी थापायची थांबवली नव्हती.

जगदीश्वराच्या देवळापर्यंतची वाट तिने डोलीत बसून डोळे मिटून काढली. ओठांत जप होता, पण मोजणी सारखी चुकत होती. आजचा दिवस निभावला की सोळा पुरे होणार होते. एवढे सोमवार घेऊन देव काहीच देणार नाही, असं तरी कसं म्हणावं? आणि बोललं तर व्रत गेलं, आणि घरही गेलं. खोपीची जागा तिला ठाऊक होती. या वेळी तीही मिळणार नव्हती.

देवळाच्या उंबऱ्याशी येसाजीने राहीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. धर्माजींनी बंडीच्या खिशातून कुंकवाचा नवा करंडा काढला. महाडच्या बाजारात तिला मोटारीपाशी बसवून ते मिनिटभर कुठेसे गेले होते, ते यासाठी. त्यांनी झाकण काढून करंडा तिच्या तळहातावर ठेवला.

नीराबाईने बोट बुडवलं. मुलीने डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

बोट तिथवर गेलं आणि थांबलं.

"दादा," नीराबाई म्हणाली.

सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा आला. येसाजीने दचकून वर पाहिलं.

"मी पयली न्हाय. माज्या आधी जनी व्हती. तिलाबी मूल झालं न्हाय."

एवढंच. येसाजीने धर्माजींकडे पाहिलं, सैल झालेल्या पायरीवर पाय द्यायच्या आधी बघावं तसं, आणि बघतच राहिला. धर्माजींनी नाही म्हटलं नाही. ते बायकोकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी चांगली वस्तू दुसऱ्याच्या हातून फुटल्यावर वाटते तशी हळहळ होती.

"गेला तुझा सोळावा सोमवार," ते म्हणाले.

मग धोतर झटकून ते तिच्या डोलीत जाऊन बसले आणि महाडला जायचंय म्हणाले. भोयांनी येसाजीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी खांदा दिला. पुढचा भोई या वेळी हसला नाही.

"आबा, झालं?" राहीने डोळे मिटूनच विचारलं.

"ऊठ."

ती उठली आणि कोरडं कपाळ तळहाताने पुसून बोटांकडे बघू लागली.

नीराबाईने करंडा उंबऱ्याच्या कडेला ठेवला. आत जाऊन पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना, म्हणून नुसतीच उभी राहिली. मग बाहेर आली, राहीच्या शेजारी बसली आणि हात पुढे केला. मुलीने वाटी भरून ताक दिलं. ती ते सगळं प्याली.

येसाजी समोर येऊन म्हणाला, घरी चला, चार दिवस राहा, तुमच्या भावाला निरोप धाडू. तिने होकाराची मान हलवली. भाऊ काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, पण हा माणूस मनापासून बोलत होता. पलीकडच्या दरवाजातून उन्हात एक दगडी चौथरा दिसत होता.

"ते काय हाय?" तिने विचारलं.

"म्हाराजांची समाधी."

"मग दाखवा की." तिने पदर खोचला आणि उठली. "आन् ऱ्हायलेलं समदं दाखवा, दादा. कायबी गाळू नका. मला हितं पुन्यांदा कोन आननार हाय?"