चौथा कोपरा

"मॅडम! इथं माती काळी आहे! गोल गोल!" रक्षितानं ब्रश फेकलाच.

सुचेता धावत आली. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या लहानशा संग्रहालयाच्या मागच्या अंगणात तिनं मुलांना खोदायला पाच चौकोन आखून दिले होते आणि आदल्या दिवशी त्यांत स्वतःच खापरं पुरली होती. गडबडीत एक चौकोन रिकामा राहिला, आणि नेमका तोच रक्षिताच्या वाट्याला आला. सकाळपासून पोरीला एक मणीसुद्धा सापडला नव्हता. आता मात्र लाल मातीत तीन काळे गोल दिसत होते, वाटीच्या तोंडाएवढे.

"खांबांचे खड्डे आहेत हे!" सुचेता गुडघ्यांवर बसली. पुण्याहून इथं येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. "खांब काढला की खड्ड्यात वेगळी माती भरते. आणि हे मी केलेलं नाही हं!"

मग काय विचारता! सगळी मुलं गोळा झाली. कुणाला झोपडी दिसली, कुणाला देऊळ. रक्षिताचा चुलतभाऊ शौर्य म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यानं राजवाडाच बांधून टाकला. रक्षितानं घाईघाईनं चौकोनाचा नकाशा काढायला घेतला. ज्याचा नकाशा बिनचूक, त्याला सुचेता पुढच्या महिन्यात खऱ्या उत्खननावर नेणार होती, आणि रक्षिताला काहीही करून जायचं होतं.

पण तीन कोपऱ्यांत तीन खड्डे आणि चौथा कोपरा कोरा. तिनं खरवडून पाहिलं, पाणी शिंपडून पाहिलं. माती लाल ती लालच.

"अंगठ्यानं कर की एक," शौर्य कुजबुजला. "स्वल्प कोळसा चोळ. कुणाला कळतंय?"

रक्षितानं अंगठा मातीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग उचलला आणि नकाशात तो कोपरा मोकळा सोडला.

तेवढ्यात चहा घेऊन आलेले अप्पासाहेब, संग्रहालयाचे जुने शिपाई, चौकोनाशी थबकले.

"अय्यो अक्का, हा तर माझ्या लेकीच्या, कस्तुरीच्या लग्नाचा मांडव!" ते सुचेताला म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये इथंच लावलं की, माझ्या खोलीपुढं."

मुलं खो खो हसली. रक्षिताचा चेहरा पडला, पण पेन्सिल काही तिनं सोडली नाही.

"अप्पासाहेब, मग चौथा बांबू?"

"दुकानं बंद. तीनच मिळाले." त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. "कन्यादान तिच्या मामानं केलं. मी मांडवाच्या कापडाचं चौथं टोक धरून उभा."

"कुठं? नेमकं दाखवा."

अप्पासाहेबांनी चपला काढल्या. कोऱ्या कोपऱ्यात जाऊन ते उभे राहिले, आणि हात आपसूक वर गेला. रक्षितानं टेप धरली. इकडून सहा फूट. तिकडूनही सहा.

"जुळलं मॅडम, जुळलं!" ती नाचायलाच लागली. मग खाली बसून तिनं नकाशातल्या त्या कोपऱ्यात दोन पावलं काढायला घेतली. सुचेतानं वाकून पाहिलं, आणि उत्खननाच्या यादीत पहिलं नाव लिहिलं.

"हात खाली करू का गं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"स्वल्प थांबा अप्पासाहेब," मान वर न करता रक्षिता म्हणाली. "अजून काढून व्हायचंय."