नमस्काराआधीची काच

अगं, मध्ये तोंड घालू नकोस, नुसतं ऐक! आमच्या दापोडीच्या चाळीतली कुसुम, ती ज्योतीरामची बायको, सातवी पास झालेली, तीच. तिचं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं सगळ्यांना वाटतं. सासू सुनेला बांगड्या भरायला घेऊन गेली. बस्स, एवढंच. पण ऐक.

पिंपरीला तो नवा औषधाचा कारखाना निघालाय ना, तिथं बाटल्यांना बुचं लावायला, चिठ्ठ्या चिकटवायला बायका घेतायत. कुसुमनं नवऱ्याला विचारून अर्ज टाकला, अन् चक्क कागद आला! सोमवारी सकाळी आठला हजर व्हा. खाली एक ओळ होती, हातात काच नको, अंगठी नको, नखं कापलेली हवीत. कुसुम म्हणाली, त्यात काय एवढं? माझ्या बांगड्या सैलच आहेत. फाटकावर काढीन, पदराला गाठ मारून ठेवीन, सुटले की परत चढवीन. ज्योतीराम हसला. म्हणाला, कर काय करायचं ते, पण हे फाटकाचं आईला बोलू नको.

आता आई म्हणजे रुक्मिणीबाई. वाईट बाई नाही हं, उगाच तसं मनात धरू नकोस. दुधावरची साय काढायची ती सुनेसाठी. कुसुमला ताप आला तर तीन दिवस उशाशी बसून होती. पण तिचं एक होतं. तिचा नवरा याच दापोडीच्या वर्कशॉपात कामाला होता. एका सकाळी धुणं धुताना दगडावर आपटून तिची बांगडी वाढली, फुटली म्हणू नये, अन् दुपारी चौघांनी त्याला दारात आणून ठेवला. अंगावर लोखंडाची कांब पडली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच बसलं, काच गेली की माणूस गेलं. अन् ज्योतीराम आता त्याच शेडात मशीनवर उभा असतो, त्याच जागी.

आता चाळीत गोष्ट राहते का? नळावर सावित्रीबाईनं, त्या दत्तोबाच्या बायकोनं, विचारलंच, "रुक्मिणीबाई, सूनबाई म्हणे उघड्या हातानं कामावर बसणार?"

रुक्मिणीबाई ओरडली नाही, भांडली नाही. घागर भरली अन् घरात आली. तेच तर! ओरडली असती तर कुसुम काहीतरी बोलली असती, ज्योतीराम मध्ये पडला असता, दोन दिवस अबोला झाला असता अन् संपलं असतं.

रविवारी दुपारी म्हणाली, "कुसुम, चल, चिंचवडला जाऊ. नव्या कामावर जायचं तर हात भरून जा. त्या जुन्या बांगड्या निस्त्या खुळखुळत्यात."

कुसुमला इतका आनंद झाला! तिला वाटलं, आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, मनावर घेतलं, मान्य केलं. वेणी घातली, चांगलं लुगडं नेसली. ज्योतीराम ओव्हरटाइमला गेला होता. सावित्रीबाई म्हणाली, थांबा, मलाही यायचंय. गेल्या तिघी बसनं.

नजमुन्निसाचं दुकान तू पाहिलंयस? आपण सगळे नजमाबीच म्हणतो तिला. दुकान म्हणजे काय, बोळच. दोन्ही भिंतींना बांगड्यांच्या माळा, मध्ये सतरंजी, अन् शेवटी भिंतीला टेकून नजमाबी. जिला भरायच्यात तिनं पार आत जाऊन बसायचं. आज आत जाणारी कुसुम. तिच्या पुढ्यात सावित्रीबाई, मग आणखी तीन-चार बायका, अन् उंबऱ्यावर रुक्मिणीबाई. ती आत येत नाही ना! विधवेनं बांगडीच्या दुकानात कशाला शिरायचं, म्हणते. उंबऱ्यावर पाय पसरून बसली, म्हणजे दारच बंद झालं.

अन् आत नुसता बाजार! एक म्हणते, डब्यातलं वनस्पती तूप खाल्लं की डोळे अधू होतात. दुसरी म्हणते, आमचे हे चार वर्षं तेच खातायत, अजून परक्या बायका लांबून ओळखतात. सगळ्या हसल्या. सावित्रीबाई तर सुटलीच होती. "मी सांगते, कापडवाल्याच्या दुकानात चहा घ्यायचा नाही! चहा प्यायला की अडकलो. मग तो चाळीस लुगडी उलगडतो, अन् आपल्याला उठायची लाज वाटते."

"मग तू काय करतीस?" नजमाबीनं विचारलं.

"मी म्हणते, मला चहा वर्ज्य आहे. अन् घरी येऊन दोन कप पिते."

कुसुमपण हसली. तेव्हा हसत होती बरं का.

तिच्या आधी एक पोर भरत होती, नवं लग्न झालेली. नजमाबीनं हात दाबला अन् कट्कन एक बांगडी पिचली. पोर अशी पांढरीफटक पडली! डोळ्यांत पाणीच. नजमाबीनं तिच्या गालाला हात लावला. "ए वेडे, घाबरतीस काय? नमस्कार होईपर्यंत काच माझी. फुटली तर माझी फुटली, नुकसान माझं, अपशकुन झाला तर तोपण माझाच. तुझ्या नवऱ्याला काय होत नाय. तू वाकून नमस्कार केलास की मग ती तुझी." अन् दुसरी चढवली. बारा झाल्या, पोरीनं वाकून नमस्कार केला, नजमाबीनं डोक्यावर हात ठेवला, "जोडा सुखी राहू दे." आपल्याकडं सगळ्याच करतात नमस्कार, कासारीण हिंदू असो की मुसलमान. मी किती वेळा केलाय, पण तो कशासाठी असतो हे मला कधी कळलंच नव्हतं!

मग कुसुमची पाळी. हिरव्या बांगड्या, बारीक सोनेरी ठिपक्यांच्या. तिनंच निवडल्या. नजमाबीनं जुन्या सैल बांगड्या सळसळ उतरवून ताटलीत टाकल्या, हात बोडका राहू नये म्हणून एक तेवढी ठेवली. हात हातात घेतला, बोटं चाचपली. "अडीचचा हात आहे."

उंबऱ्यावरनं रुक्मिणीबाई म्हणाली, "सव्वादोनच्या घाल."

"बाई, सव्वादोन चढेल, माझ्या हाताला चढत नाय असं नाय. पण मग वाढवल्याशिवाय उतरायची नाय ती."

"उतरवायची कशाला?"

अन् बायका हसल्या. सावित्रीबाई म्हणाली, "बरोबर आहे! सैल बांगड्या म्हातारीला." अन् कुसुमला कळलं! रविवार का, चिंचवड का, हात भरून का, सगळं एकदम कळलं. पण तोवर अंगठा तळव्यात दुमडलेला, नजमाबीची मूठ वर, अन् पहिली बांगडी बोटांच्या सांध्यावर. तिथं हात ओढता येतो का? ओढला की काच मांसात.

चढली एक. मग दुसरी, मग तिसरी. हात लाल झाला. कुसुमनं मान वळवून दाराकडं बघितलं. सगळ्यांच्या डोक्यांवरून रुक्मिणीबाई तिच्याकडंच बघत होती, अन् ती हसतबिसत नव्हती. कुसुम म्हणाली, "आत्याबाई, दुखतंय." बायका म्हणाल्या, दुखणारच, सौभाग्य काय फुकट मिळतं? आता काय बोलायचं? एवढ्या बायकांत, हिरव्या बांगड्या हातात घेऊन, सवाष्णीनं म्हणायचं की मला या नकोत?

दुसऱ्या हाताला तिनं हळूच, ओठसुद्धा न हलवता म्हटलं, "नजमाबी, उद्या आठला कारखान्यात जायचंय. काच चालत नाही."

नजमाबीचा हात थांबला. तिनं कुसुमकडं बघितलं, मग दाराकडं. मग मोठ्यानं विचारलं, "रुक्मिणीबाई, पोरीला उद्या कामावर जायचंय म्हणती."

"जाऊ दे की. म्या कुठं नको म्हणले?"

"मग या मापाच्या का?"

"गिऱ्हाईक कोण, नजमाबी? मी का ती?"

"घेणारी तू," नजमाबी म्हणाली, "पण हात तिचा."

अन् मग जे सुरू झालं! सावित्रीबाई म्हणाली, दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या घरात नाक खुपसू नये. दुसरी म्हणाली, बाईनं कारखान्यात जायचं म्हणजे घरात उजेड पडला. ती नवी पोर म्हणाली, माझ्या भावाची बायको टेलिफोनात जाते, काही बिघडलं नाही. बिघडेल, अजून वेळ आहे, असं कुणीतरी बोललं. सगळ्यांना मतं होती गं, जिचा हात होता त्या एकीला सोडून! तिला कुणी विचारलंच नाही. अन् बोलता बोलता चोवीस बांगड्या भरून झाल्यासुद्धा.

"झालं," रुक्मिणीबाई म्हणाली. "नमस्कार कर, पोरी."

कुसुमनं हात जोडायला उचलले, तर नजमाबीनं डावं मनगट सोडलंच नाही. घट्ट धरून ठेवलं. खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलंस ना मघाशी? अजून काच माझी आहे. तू नुसती मान हलव. मी दाबते, चोवीसच्या चोवीस माझ्या हातानं फुटतील. तुझ्यावर काय नाय, तुझ्या माणसावर काय नाय. माझं नुकसान मी बघीन. पण एकदा वाकलीस, की मग मला हात लावता येणार नाय. तीस वर्षांत मी सवाष्णीची स्वतःची काच फोडली नाय."

बघ, म्हणजे वाट होती! एवढीशी, पण होती. नुसती मान हलवायची.

कुसुमनं दाराकडं बघितलं. रुक्मिणीबाईला ऐकू गेलं नव्हतं, पण कळलं होतं, बाईला कळतंच. उंबरा धरून ती अर्धी उठली होती. हात बोडके, मनगटावर जुन्या काचेचा एक पांढरा व्रण. ती रागानं काही बोलली असती ना, तर कुसुमनं मान हलवली असती, मला खात्री आहे! पण ती एवढंच म्हणाली, बारीक आवाजात, "जोती आत्ता मशीनवर हाय गं."

कुसुम वाकली.

ती सांगते, मी वाकले नाही, माझी मान आपोआप गेली. नजमाबीनं मनगट सोडलं. डोक्यावर हात ठेवला, पण जोड्याचं काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "खुश राहा."

येताना रुक्मिणीबाईनं तिला गरम भजी घेऊन दिली. बसमध्ये तिचा हात हातात घेऊन बसली, बांगड्यांवरून बोट फिरवत. किती माया! कुसुमच्या मांडीवर ती भजी पुडीतच गार झाली.

अन् तरी सोमवारी ती गेली बरं का! पहाटेपासून साबण लावून बघितला, खोबरेल लावून बघितलं. चोळून चोळून हात सुजला, बांगड्या आणखीच रुतल्या. ज्योतीराम म्हणाला, "मी वाढवतो, आण इकडं," अन् आई आतल्या खोलीत रडायला लागली, तर तोही बसला खाली, दोन्ही हात डोक्याला लावून. तशीच गेली पिंपरीला. फाटकावर बायकांची रांग. प्रत्येकीनं बांगड्या काढून पदरात बांधलेल्या. तिथली बाई चांगली होती, म्हणाली, "आठच्या भोंग्यापर्यंत थांबते मी. मागं दुसऱ्या उभ्या आहेत." एका पोरीनं रस्त्यावरचा दगड आणून दिला. "डोळे मीट अन् मार. दोन मिनिटांचं काम."

कुसुमनं भिंतीवर मनगट ठेवलं. दगड उचलला. तिचा विश्वास नाही गं असल्या गोष्टींवर, सातवी पास आहे ती! तेवढ्यात वाऱ्यावरून दापोडीचा भोंगा आला. त्यांचाही आठचाच. म्हणजे ज्योतीराम आत शिरला, त्या शेडात, त्या जागी. तिच्या हातातून दगड गळाला नाही हं, तिनंच तो नीट खाली ठेवला, भिंतीच्या कडेला, कुणाच्या पायात येऊ नये असा. अन् मग कारखान्याचा भोंगा झाला अन् फाटक लागलं.

यालाही झाले पाच महिने. परवा मी मोरीवर भांडी घासत होते, शेजारी कुसुम धुणं धूत होती. हल्ली जेवण जात नाही तिला. पिळा पिळता पिळता तिच्या हातातून एक हिरवी बांगडी आपली आपण निसटली अन् मोरीत गेली. नुसती निसटली! मनगट एवढंसं झालंय. कुसुम बघतच बसली. मग दुसरी काढली, तिसरी, सगळ्या सळसळ उतरल्या. रुक्मिणीबाई दारातून पळत आली, मोरीतली बांगडी उचलली, धुतली, पदराला पुसली, अन् परत तिच्या हातात घातली, एकेक करून सगळ्या. अन् कारखान्यातली ती जागा केव्हाच भरली, सावित्रीबाईची भाची बसते तिथं आता!

मी रोज रात्री विचार करते. दगडाचं सोड, दगड मलाही मारवला नसता. पण आधी, त्या बोळात, नजमाबीनं मनगट धरून ठेवलं होतं, काच अजून तिची होती, नुसती मान हलवायची होती, अन् दारात ती म्हातारी तशी उभी. खरं सांग, माझ्या गळ्याची शपथ. तू काय केलं असतंस?