बिअरच्या बाटलीचं बूड

अल्विन रोटलेबला वाईट काम करायला शिकायचं होतं, आणि उतारवयात ते काही केल्या जमत नव्हतं.

युद्ध हरल्यावर भिंगांच्या कारखान्यात रशियन अधिकारी येऊन बसले होते. यंत्रं त्यांनी उचकटून नेली. आता माणसांची पाळी, अशी कुजबुज गावभर होती. ज्याचा हात चांगला, तो रशियाला जाणार. कुटुंबालाही नेणार म्हणत होते, पण अल्विनची बायको सेल्मा घर सोडणार नव्हती. त्यांचा हार्टमुट आघाडीवरून अजून परतला नव्हता.

"पोरगा आला आणि दार परक्यानं उघडलं तर? मी हलायची नाही," सलगमाचं सूप ढवळत ती म्हणाली. "तू एवढंच कर, जरा बावळट हो. बाकीच्या पुरुषांना न शिकवता जमतं ते."

म्हणून अल्विन भिंगं बिघडवू लागला. राळेच्या थरावर काच घासून गुळगुळीत करताना हात मुद्दाम वेडावाकडा टाकायचा. घासलेल्या भिंगावर कसोटीची काच ठेवली की रंगीत वलयं उमटतात. गोल आली तर काम चोख, वाकडी आली तर फुकट. अल्विनची वाकडी येऊ लागली आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं.

ऑक्टोबरात एका सकाळी रशियन कॅप्टन विभागात फिरत होता. बरोबर मास्टर हेसलर. अल्विन याच म्हाताऱ्याच्या हाताखाली काम शिकला होता. हेसलरने अल्विनचं भिंग उचललं, त्यावर कसोटीची काच ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "हे भिंग आहे की बिअरच्या बाटलीचं बूड? रोटलेब, तुझे हात गेले कामातून! कॅप्टनसाहेब, याला झाडू द्या झाडू!"

सगळा विभाग फिदीफिदी हसला.

अल्विनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेल्मा, हार्टमुट, काही म्हणजे काही आठवलं नाही. त्याने तेच भिंग पुढ्यात ओढलं, काच चमकवायची लाल भुकटी ओली केली आणि जेवणाच्या सुट्टीतही न उठता घासत बसला. झाल्यावर मास्टरला दाखवलंच नाही, थेट कॅप्टनपुढे नेऊन ठेवलं. वलयं इतकी गोल की कॅप्टनने टोपी मागे सरकवून त्याचं नाव विचारलं. अल्विनने ते छाती काढून सांगितलं. इतका मूर्ख माणूस त्या दिवशी अख्ख्या थ्युरिंगिया प्रांतात सापडला नसता!

त्याच महिन्यात एका पहाटे ट्रक दाराशी आला. सैनिकाने सेल्मालाही चल म्हणून खुणावलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"एक काच वाईट राहिली असती तर आभाळ कोसळणार होतं का रे?" तिने नवऱ्याला विचारलं. तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. तिने त्याच्या पिशवीत पाव आणि लोकरीचे मोजे कोंबले आणि निरोप न घेता माडीवर निघून गेली.

ट्रकमध्ये मास्टर हेसलर आधीच येऊन बसला होता. त्याला पाहून अल्विनचं डोकं पुन्हा फिरलं. "कळलं ना मास्टर, कुणाचे हात गेलेत ते?"

"गाढवा," हेसलर हळूच म्हणाला, "तू मुद्दाम बिघडवतोयस हे मला कळत नव्हतं होय? तुला शिकवलं कुणी? माझी सुटका नव्हतीच. निदान तू तरी राहावंस म्हणून तो तमाशा केला मी."

अल्विन उतरायला उठला. सैनिकाने खांदा दाबून त्याला खाली बसवलं आणि ट्रक निघाला. सेल्मा वरच्या खिडकीत उभी होती. तो हात हलवत राहिला, पण तिची नजर स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर होती.