माझ्या पाठीवरचं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तोंडवलीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढच्या उघड्या वाळूत मी पालथी पडून असते. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण कित्येक वर्षांत आमची गाठभेट नाही. तुम्ही सुट्टीत येता, माझ्या पाठीवर टॉवेल टाकता, मला टेकून फोटो काढता आणि निघून जाता. मी कोण, कुठली, हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगते.

माझा देह उंडीच्या लाकडाचा. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याने शिवल्या, फटी बुजवल्या, तोल सांभाळायला बाजूला उलांडी बांधली. मग माझा मालक सत्यवान तांडेल याने माझ्या अंगाला काजूच्या टरफलांचं काळं तेल फासलं. हे तेल मोठं जहाल असतं. माणसाच्या अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते, पण लाकडाला मात्र कूज धरत नाही. दर वर्षी सत्यवान हे काम स्वतः करी, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. बांगड्याच्या दिवसांत मी भरून परतले की तो माझ्या कडेवर थाप मारून चारचौघांत म्हणे, "अशी होडी साऱ्या किनाऱ्यार सोधून गावची नाय!" खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी थोडी शेफारलेही होते.

पुढे यंत्रावर चालणारी फायबरची होडी आली. एका पावसाळ्याच्या तोंडाला मला वर ओढून पालथं घातलं. दर वर्षीच घालत, त्यामुळे मला काही वाटलं नाही. नारळी पौर्णिमा आली. लोकांनी दर्याला नारळ दिला, नव्या होडीला हळदकुंकू लावलं. माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही. तेव्हा समजलं की आपल्याला आता कुणी सरळ करणार नाही. तुम्हाला एकटं वाटलं तर तुम्ही उठून दुसरीकडे जाऊ शकता. मला तीही सोय नव्हती.

अशा दिवसांत खोबरी आली. सत्यवानाची बायको मथुरा हिने पाळलेली ही मांजरी. नखशिखांत पांढरी, म्हणून नाव खोबरी. सकाळी मथुरा मासे साफ करी तेव्हा ही तिच्या पायांत घोटाळे, आणि ऊन चढलं की तडक माझ्याकडे येई. दुपारी माझ्या फळ्या चांगल्या तापलेल्या असत. ती उडी मारून चढे, दोन वेळा गोल फिरे आणि माझ्या पाठीवर पोट टेकून उन्हं कलेपर्यंत झोपे. तिची घुरघुर माझ्या लाकडातून आत जाई. किती बरं वाटे म्हणून सांगू! जगात कुणाला तरी माझी ऊब हवी होती. मी सकाळपासून सूर्याची वाट बघू लागले.

एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तिच्या कानांची टोकं लाल झालेली मला दिसली. मग खपली धरली. ती पडली की रक्त येई, पुन्हा खपली धरे. जखम भरायचं नावच घेईना. सत्यवानाने एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "बोक्यावांगडा झगडली आसतली. होतली बरी."

ती बरी झाली नाही. तेव्हा या भल्या माणसाने काय करावं? डब्याच्या तळाशी माझं जुनं तेल उरलं होतं, ते काडीने तिच्या कानांना लावलं! खोबरी किंचाळत वाळूत लोळली. मथुरा धावत आली.

"अवो, तां माजर आसा, होडी न्हय!"

"अगो, ह्या तेलान लाकूड कुजना नाय, मगे कान कित्याक कुजतलो?"

त्याचा बोलण्याचा सूर इतका खात्रीचा होता की मथुरेलाही ते खरं वाटलं. जन्मभर ज्याने लाकूड राखलं, त्याला सगळ्यावर तोच उपाय सुचला. खोबरीच्या कानांची मात्र आग आग झाली. हिवाळा आला तेव्हा उजव्या कानाचा कोपरा झडल्यासारखा दिसत होता आणि मथुरेने पुढे केलेला मासासुद्धा ती नुसता हुंगून सोडून देई. तरी दुपारी ती माझ्याकडे येतच होती. मी पाहत होते, पण मला तोंड नव्हतं.

गावात कुत्र्यांना लस टोचायला डॉक्टर तेजस्वी आल्या. किनाऱ्यावरची कुत्री हुडकत त्या माझ्यापाशी पोचल्या आणि खोबरीला बघून थबकल्या. त्यांनी सत्यवानाला हाक मारली.

"काका, ही जखम कधीपासून आहे?"

"नारळी पुनवेपासून. झगडली व्हती."

"भांडणातली जखम एव्हाना भरली असती. मला हा कर्करोग वाटतोय. पांढऱ्या मांजरांच्या कानांवर केस विरळ असतात, खालची कातडी उन्हाला सोसत नाही. वर्षानुवर्षं कडक उन्हात झोपली की असं होतं. ही रोज इथेच झोपते का?"

मित्रांनो, हे ऐकलं तेव्हा भर दुपारी माझ्या फळ्या गार पडल्यासारखं मला वाटलं. मी जिला माया समजत होते, ती ऊबच तिला जाळत होती.

डॉक्टर म्हणाल्या, कानांचा रोगट भाग कापून काढावा लागेल. काढलेला तुकडा तपासायला पाठवू. रोग अजून कानांपुरताच दिसतोय, आता केलं तर ती वाचेल. उशीर झाला तर कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

सत्यवान म्हणाला, "कान कापूचे? मगे माजराचा रूप काय रवला?"

"रूप खड्ड्यात घाला," मागोमाग आलेली मथुरा म्हणाली. "माका ती जिती होयी."

दुसऱ्या दिवशी मथुरा खोबरीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे गेली. सत्यवान गेला नाही. ऊन चढल्यावर तो माझ्याजवळ येऊन वाळूत बसला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "घर खावक उठता गो." इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला, तोही खोबरी नव्हती म्हणून. मला राग आला नाही. आम्ही दोघं तिचीच वाट बघत होतो.

ती परत आली. दोन्ही कान बुडापाशी कापलेले, डोकं सोललेल्या नारळासारखं गुळगुळीत गोल. पोरं हसली, सत्यवानही हसला आणि मग डोळे पुसत घरात गेला. रोग सगळा निघाला, असा पुढे निरोप आला. मात्र ऊन चढल्यापासून ते कलेपर्यंत तिला बाहेर सोडायचं नाही, नाकावर किंवा पापण्यांवर नवी खपली दिसली तर लगेच दाखवायचं आणि मनानं काहीही फासायचं नाही, अशी सक्त ताकीद डॉक्टरांनी दिली होती.

एका दुपारी दार उघडं राहिलं आणि खोबरी निसटून थेट माझ्याकडे आली. चढली, गोल फिरली, झोपली. घुरघुर पुन्हा माझ्या लाकडात उतरली. मला इतका आनंद झाला, आणि मी मनातून ओरडत होते, ऊठ गं, जा!

सत्यवान धापा टाकत आला, तिला छातीशी धरून घेऊन गेला. लगेच माडाच्या झावळ्या विणून, बांबू रोवून त्याने माझ्यावर मांडव घातला. येणारे-जाणारे म्हणतात, म्हाताऱ्याचं जुन्या होडीवर किती प्रेम! माझ्या फळ्या आता तडकत नाहीत हे खरं, पण मांडव कुणासाठी आहे ते मला ठाऊक आहे. माझी पाठ आता तापत नाही. खोबरी एकदा संध्याकाळी आली, गार फळीला पंजा लावला आणि निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही. इतकी नीट निगा माझी कधी झाली नव्हती, आणि इतकी एकटी मी कधी नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मुक्या जनावराच्या अंगावरून हात फिरवता ना, तेव्हा थोडं बघतही जा. एखादी गाठ हाताला लागली, भरत नाही अशी जखम दिसली, त्याचं खाणं सुटलं, तर होईल बरं म्हणून थांबू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. त्याला सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्या बघणाऱ्यांनाही येत नाही.

आणि किनाऱ्यावर कधी आलात, भर दुपारी एखादं पांढरं मांजर उन्हात माझ्याकडे येताना दिसलं, तर त्याला हाकलून द्या. माझा विचार करू नका.