परत म्हणून दाखव

भाचीचं ते पत्र येऊन पाच आठवडे झाले होते आणि मामाने अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्याने जाड शब्दकोशात ठेवलं होतं. रोज सकाळी चहा झाला की तो शब्दकोश उघडी, पत्राचं शेवटचं पान वाची, सुस्कारा टाकी आणि पत्र पुन्हा आत सरकवी. आता तर शब्दकोश हातात घेतला की आपोआप त्याच पानावर उघडायचा.

मामाने एकेचाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छपाईआधीचे कागद मूळ मजकुराशी ताडून चुका काढायच्या, एवढंच काम. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभा जन्म गेला की माणसाला स्वतःचं एक वाक्य लिहायचीही धास्ती वाटू लागते. वाण्याला यादी लिहून द्यायची तरी मामा आधी कच्ची लिहायचा.

बहीण गेली तेव्हा तिची सात वर्षांची मुलगी या दोन खोल्यांत राहायला आली. अविवाहित, अबोल माणसाने पोरीला कसं रमवावं? मामाला गोष्टी सांगता येत नव्हत्या, गाणी येत नव्हती. शेवटी त्याने तिला आपल्या कामालाच बसवलं. संध्याकाळी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत दोन उशा टाकून ती बसायची आणि मूळ मजकूर मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. अलीकडे मामा पेन्सिलीचं टोक छापलेल्या एकेका अक्षरावरून फिरवायचा. "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरणचिन्ह सुरू कोण आहे रे तिकडे प्रश्नचिन्ह!" 'स्वल्पविराम' या शब्दाचं तिला भारी अप्रूप. नसला तरी घालायची. त्यावरून तिचं नावच पडलं, स्वल्पी.

ती स्वल्पी आता प्रवासी विमानाची वैमानिक व्हायला चौदा महिन्यांपूर्वी दूरच्या एका शाळेत गेली होती. खुर्ची होती तिथेच होती. उशाही.

दर रविवारी तिचा फोन यायचा. पण मामाचे कान पार गेलेले. अर्धं त्याला ऐकू यायचं नाही, आणि 'काय म्हणालीस' असं पुन्हापुन्हा विचारायचा संकोच वाटायचा. मग उरलेल्या अर्ध्यावर भागवून तो सगळ्यालाच 'हो हो' म्हणायचा. ही त्याची जुनीच खोड, स्वल्पीला लहानपणापासून ठाऊक असलेली.

"मामा, आज मला एकटीला सोडलं!" एका रविवारी ती ओरडलीच.

"हो हो."

"काय हो हो? मी काय म्हणाले ते परत म्हणून दाखव बघू."

मामा गडबडला. "तू... एकटीला करमत नाही म्हणालीस."

पलीकडून मोठं हसू. "मामा, विमान! एकटीने उडवलं, एकटीने! जाऊ दे, पत्रात लिहिते."

खरी हकिकत पत्रातूनच कळायची. वाऱ्याचे आणि नकाशांचे पेपर, ते ती पहिल्या फटक्यात पास झाली. पहिलं उतरणं, त्यात विमानाने तीन उड्या मारल्या आणि शिक्षक म्हणाले, "छान, एका फेरीत तीनदा उतरलीस." आणि मग तो एकटीचा दिवस. शिक्षक धावपट्टीच्या कडेला उतरून गेले, म्हणाले, "एक चक्कर मारून ये." जाताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा तिने स्वतः बांधून घेतला. तसं करावंच लागतं, नाहीतर सुटा पट्टा कुठेतरी अडकतो. 'मामा,' तिने लिहिलं होतं, 'एका माणसाचं वजन कमी झालं की विमान किती भराभर वर चढतं! मला आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलं. शेजारी पट्टा बांधलेला, आणि आत कोणी नाही.'

ते वाचून मामाने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं होतं, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर.

पुढची पत्रं हळूहळू आखूड होत गेली. धुक्यामुळे एकोणीस दिवस कोणीच वर गेलं नाही, सगळे पत्त्यांवर भांडत बसले. खोलीतली मैत्रीण शिक्षण सोडून घरी गेली, तिचा पलंग अजून रिकामाच आहे. परवान्याच्या चाचणीत पहिल्यांदा नापास, कारण आडवा वारा. आणि मग हे पाच आठवड्यांपूर्वीचं पत्र.

'दुसऱ्यांदाही नापास झाले,' तिने लिहिलं होतं. 'या वेळी तर जमिनीवरच. आमच्यात नियम असा, की टॉवरवरून जे सांगतात ते शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचं. नुसतं समजलं म्हणायचं नाही, कारण समजलं असं वाटणं आणि समजणं यांच्यातल्या फरकात माणसं मरतात. मला सांगितलं, धावपट्टीच्या रेषेअलीकडे थांबा. मी नुसतं समजलं म्हणाले. म्हणजे आपल्या घरचं हो हो! आणि रेषा ओलांडली. शेजारी बसलेल्या परीक्षकांनी ब्रेक दाबला. समोरून एक विमान उतरायला आलं होतं, ते डोक्यावरून पुन्हा वर निघून गेलं. त्याच्या पोटाखालचा मळसुद्धा मला दिसला. परीक्षक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते वहीत लिहीत राहिले. आता तिसरी संधी, आणि ती शेवटची. मुख्य शिक्षक म्हणतात, पुढच्या महिनाअखेरीच्या शनिवारपर्यंत काय ते सांग. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरंच. इथे विचारायला कोणी नाही.' आणि मग सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत, तो प्रश्न. मामा, परत येऊ का?

तिथेच सगळं अडलं होतं.

'हो हो'ची बोच तर मामाच्या काळजाला लागलीच होती. पोरीने ते गमतीत लिहिलं असेल, पण खोड घरची होती आणि घर त्याचं होतं. त्याहून मोठी पंचाईत त्या प्रश्नाची. 'परत येऊ का' हे वाचलं त्या क्षणी त्याच्या मनाने उत्तर देऊन टाकलं होतं, ये. ये, बाई. खुर्ची आहे, उशा आहेत. एवढ्या चटकन त्याच्या मनाने कधीच कशाला उत्तर दिलं नव्हतं, म्हणूनच त्याला त्या उत्तराचा संशय आला. हे तिच्या भल्यासाठी, की आपल्याला दुपार खायला उठते म्हणून? मग तो लिही, 'धीर सोडू नकोस.' छे, हे तर शाळेच्या भिंतीवर लिहितात. मग लिही, 'तुझं तू ठरव.' म्हणजे पुन्हा एकटी सोडली. अकरा कच्चे कागद टोपलीत गेले.

सोमवारी दुपारी जुळारी आला. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा हा मामाचा एकमेव मित्र, तोंडाने फटकळ. येताना पाव घेऊन यायचा आणि त्यातला बराचसा स्वतःच खायचा.

"काय पंडित, गेलं का उत्तर?"

"लिहितोय."

"पाच आठवडे? अरे, एवढ्यात आपण दोनशे पानांचं पुस्तक काढायचो!"

"पुस्तक दुसऱ्याचं असतं."

"आणि पोरगी तुझी आहे. बोलणं झालं का तिच्याशी?"

"काल आला होता फोन."

"मग? काय म्हणाली?"

मामा कपातल्या चहाकडे बघत राहिला. "बरी आहेस का विचारलं. म्हणाली, हो हो. नीट जेवतेस का? हो हो. पत्र लिहितोय म्हटलं. त्यालाही हो हो."

जुळाऱ्याचा पावाचा घास हातातच राहिला. "स्वल्पी? हो हो म्हणाली? ती तर तुला त्यावरून फाडून खायची!"

"तेच ना." मामाचा आवाज अगदी खाली गेला. "मी बोलत होतो आणि ती ऐकत नव्हती. किंवा ऐकत होती, पण तिकडे पोचत काही नव्हतं. पलीकडून कसं लागतं ते मला पहिल्यांदाच कळलं रे."

जुळाऱ्याने हातातला घास बशीत ठेवला. मग कपडे झाडत उठला. "तुला शहाणपणाचं काही सुचायचं नाही, पंडित. जन्मात सुचलं नाही. तुला जे येतं ते कर."

"मला काय येतं?"

"मूळ प्रत समोर ठेवून ताडून बघणं. दुसरं काय येतं तुला?" असं म्हणून तो जिना उतरला.

त्याच्या डोक्यात विशेष काही नव्हतं, तो आपला टोमणा मारून गेला. पण मामा जागचा हलला नाही. परत म्हणून दाखवायचं, शब्दन्‌शब्द. तिला सल्ला देणारा टॉवर नको होता. पाच आठवडे ती रेषेपाशी उभी राहून बोलत होती, आणि तिचं बोलणं पोचलं एवढंही तिला कोणी कळवलं नव्हतं.

त्याने कोरा कागद घेतला, कच्चा नव्हे, पक्का. पत्र डावीकडे ठेवलं आणि उतरवायला लागला. 'तू लिहिलंस की दुसऱ्यांदाही नापास झालीस आणि तेही जमिनीवरच. तू लिहिलंस की विमानाच्या पोटाखालचा मळ तुला दिसला. तू लिहिलंस की परीक्षक ओरडले नाहीत.' लिहिता लिहिता पहिल्यांदाच त्याला ते विमान दिसलं. त्याआधी तो प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीकडे धावत सुटायचा, मधलं पोरीचं भय त्याने वाचलंच नव्हतं. दीड पान झालं. शेवटची ओळ त्याने न बघताच लिहिली, पाठच होती. 'तू विचारलंस, मामा, परत येऊ का?'

मग सवयीने पेन्सिल घेतली आणि ताडायला बसला. पेन्सिलीचं टोक आपल्या अक्षरावर, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या अक्षरावर. वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच मोठ्याने वाचू लागला, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून. "इथे विचारायला कोणी नाही पूर्णविराम. मामा स्वल्पविराम परत..."

बोट थांबलं.

त्याने चष्मा पुसला. भिंग आणलं. पत्र खिडकीच्या उजेडात धरलं. तिचं अक्षर ठसठशीत होतं, खाडाखोड नव्हती, शंकेला जागाच नव्हती.

'मामा, परत जाऊ का?'

जाऊ. येऊ नव्हे, जाऊ. घरी यायचं असतं तर तिने येऊ लिहिलं असतं. येणं-जाणं तिला याच टेबलावर शिकवलं होतं. ती विचारत होती, तिसऱ्यांदा चाचणीला जाऊ का, परत वर जाऊ का? घराचं नावही तिने काढलं नव्हतं. आणि एकेचाळीस वर्षं नवशिक्यांना 'डोळा जे हवं तेच वाचतो, म्हणून अक्षरावर बोट ठेवा' असं बजावणाऱ्या माणसाने पाच आठवडे, रोज सकाळी, चष्मा लावून, तिच्या 'जाऊ'चं 'येऊ' वाचलं होतं.

मामाला आधी हसू आलं, मग आलं ते हसू नव्हतं. थोड्या वेळाने त्याने नाक पुसलं. फोन करावा असं एकदा मनात आलं. पण दिवसा शाळेत त्यांचे फोन कपाटात बंद असतात, आणि शिवाय फोनवर आपण पुन्हा 'हो हो' म्हणून बसू याची त्याला खात्री होती. सोमवार होता. मंगळवारी सकाळी पत्र टाकलं तर शुक्रवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, पोचलं असतं.

'येऊ' त्याने खोडून टाकला नाही. छापखान्यातल्यासारखी त्यावर एक आडवी रेघ मारली, म्हणजे खालचा शब्द वाचता यावा, आणि समासात लिहिलं, 'जाऊ'. त्याखाली मग कच्चं न करता सरळ लिहीत गेला.

'ही माझी चूक तशीच ठेवतोय, तू बघावीस म्हणून. मी पाच आठवडे "येऊ" वाचत होतो, कारण मला तेच हवं होतं. इथे फार शांत असतं. पण तू ते विचारलं नव्हतंस. तू विचारलंस, परत जाऊ का. मला विमानातलं काही कळत नाही, तू नापास होशील की पास तेही कळत नाही. पण उत्तर एकच आहे. जा. रेषेपाशी थांब, सांगतील ते परत म्हणून दाखव, आणि जा. काही चुकीचं ऐकलं असेन तर दुरुस्त करून पाठव. यापुढे फोनवर ऐकू आलं नाही तर मी तसं सांगेन, कितीदाही सांगेन. खुर्ची इथेच आहे, तिचा पट्टा मी बांधून ठेवलाय असं समज.'

शेवटचं वाक्य फार सजवल्यासारखं वाटलं. त्याने ते खोडायला पेन्सिल उचलली, आणि ठेवून दिली.

मंगळवारी पोस्ट उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर टाकलं. "शुक्रवारी पोचेल, आजोबा. साडेदहाच्या गाडीने जाईल."

मामाच्या ओठावर 'हो हो' आलंच होतं. त्याने ते गिळलं. "साडेदहाच्या गाडीने. शुक्रवारी पोचेल. बरोबर?"

"बरोबर." बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "पोचपावती हवी का?"

"नको," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "ते पत्रच पोचपावती आहे."

बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.