मालकाचा होकार

डोंगरावरचं जंगल सरकारचं नव्हतं, घराघरांच्या मालकीचं होतं. ते तोडायचं नाही, हे सगळ्यांच्या गळी उतरवलं सुतारानं. लोक हसले होते, "लाकडावर जगणारा झाडं राखणार म्हणे!" तेव्हा त्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यानंच नियम घातला होता. मालकाच्या होकाराशिवाय कुणाच्या रानातली काडीही कुणी हलवायची नाही.

आता पलीकडून वणवा येत होता. उपाय एकच होता. मधला पट्टा आपणच आधी जाळायचा, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरणार नाही. पट्टा सुताराच्या धाकट्या भावाचा. भाऊ परदेशात, आणि फोन उचलत नव्हता.

"पेटव रे, तुझाच भाऊ ना?" शेजारची काकू ओरडली.

"काकू, जाताना एवढंच म्हणाला होता, दादा, माझं रान सांभाळ."

"सांभाळ मग! आमचं होऊ दे राख."

थांबा, वाऱ्याचं सांगायचं राहिलं. वारा पडलेला होता, म्हणून तर विचारत बसायला वेळ होता. सुतारानं भावाला मेसेज टाकला, पुन्हा फोन लावला, आणि वारा उठला.

पुढचं काय सांगायचं? आग पट्टा ओलांडून आली आणि सगळ्यांचं रान घेऊन गेली.

संध्याकाळी, काळ्या उतारावर सगळे उभे असताना भावाचा फोन आला. गोंगाटात ऐकू यावं म्हणून सुतारानं दुपारीच स्पीकर लावून ठेवला होता.

"दादा, कामात होतो रे. मेसेज आत्ता पाहिला. अरे, विचारायचं काय त्यात? जाळायचंस की!"

सुतारानं घाईघाईनं फोन बंद केला. पण काकूनं ऐकलं होतं.